इंडेक्सच्या शेवटी घुसडलेला नंबर

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. रोह्याच्या आमच्या कंपनीत स्टोअरमधला माल शोधण्याचा प्रोग्राम माझ्या हाताखालच्या एका प्रोग्रामरने सी भाषेत लिहिला होता. डिक्शनरीसुद्धा तो मधोमध उघडायचा. "क्रम लावलेला हाय ना सायेब, मग अर्धं पयलंच सोडायचं!" प्रोग्रामही तसाच इंडेक्स, म्हणजे मालाच्या नंबरांची यादी, मधोमध बघून नको तो अर्धा भाग सोडत जायचा. इंडेक्समधला क्रम मोडू नका, एवढंच बजावायचा. एकदा घाईत मी नव्या व्हॉल्व्हचा नंबर हाताने इंडेक्सच्या शेवटी घुसडला. व्हॉल्व्ह कपाटात असूनही प्रोग्रामने 'नाही' सांगितलं आणि प्लांट बंद राहिला. प्रोग्रामच चुकीचा ठरवून त्याला कामावरून काढलं. मी गप्प बसलो.

परवा तो वडखळ नाक्यावर भेटला. "बरं हाय ना, सायेब?" चूक माझी होती, माफ कर, असं म्हणायला तोंड उघडलं आणि विचारलं, "अलिबागची एसटी गेली का रे?"