कोवळ्या उन्हाचा उपचार

मला ऊन आवडत नाही. हिवाळ्यात शेजारीपाजारी बाल्कनीत खुर्च्या टाकून पाठ शेकत बसतात, ते पाहिलं तरी माझं डोकं फिरतं. लोकांना तो नखरा वाटतो. वाटू दे.

माझी आत्या लग्नाआधीच गेली. मी तेव्हा शाळेत होते. आम्ही नाशिकला पंचवटीत राहायचो, आजोबा गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, यात्रेकरूंची पूजा-कार्यं करायचे. आत्याची बोटं आणि गुडघे सकाळी उठलं की आखडलेले असायचे, स्वतःची वेणीसुद्धा तिला घालता यायची नाही. घरात सगळ्यांनी मिळून ठरवलं, वात आहे. वाताला आमच्याकडे औषध ठरलेलं: कोमट तिळाचं तेल चोळायचं आणि कोवळ्या उन्हात बसवायचं.

ते काम आईकडे आलं. दोघींचं चांगलं मेतकूट होतं. "वन्सं, पाय पुढे करा," म्हणत आई गच्चीवर चटई अंथरायची, तेल जिरेपर्यंत चोळायची आणि ऊन सरकलं की चटईही सरकवायची. इतक्या मायेनं कोणी माझेही पाय कधी चोळले नाहीत.

मग आत्याचे गाल लाल व्हायला लागले. नाकावरून दोन्ही गालांवर, ओल्या कुंकवाचा हात फिरवावा तसे. घर काळजीत पडलं म्हणाल तर छे! अंगातली उष्णता बाहेर पडतेय, म्हणजे उपाय लागू पडतोय, असा सगळ्यांचा निष्कर्ष. वर गुलकंद, सब्जाचं पाणी. शेजारणी तर म्हणायच्या, लग्नाचं तेज चढलंय पोरीला. आत्या एकदा म्हणाली, "वहिनी, उन्हात बसलं की जास्तच आग होते हो." आई म्हणाली, "थोडं सोसा, गुण येईल."

गुण आला नाही. पायांवर सूज चढली, मग चेहऱ्यावर. दवाखान्यात नेलं तेव्हा मूत्रपिंडं कामातून गेली होती.

पुढे कित्येक वर्षांनी टीव्हीवर एक डॉक्टरीणबाई ल्युपस नावाच्या आजाराबद्दल सांगत होत्या. सांधे आखडतात, गालांवर फुलपाखरासारखा लाल चट्टा उठतो आणि ऊन तर मुळीच चालत नाही. पडद्यावर एका मुलीचा फोटो आला. कोणाची तरी परकी मुलगी, पण चेहरा आत्याचा. आई शेजारी गवार मोडत बसली होती. मी टीव्ही बंद केला. तिनं पाहिलं होतं, मला माहीत आहे.

गेल्या उन्हाळ्यात माझी मुलगी कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर दिवसभर गडावर जाऊन आली. दारातच म्हणाली, "आजी, बघ ना, किती खाजतंय." मान, दंड आणि दोन्ही गाल लालबुंद. आईनं तिच्याकडे एकदा पाहिलं, उठली आणि घरातले सगळे पडदे ओढून घेतले. मुलीनं मलम पुढे केलं, "लावून दे ना." आईनं दोन्ही हात पदराखाली घेतले. म्हणाली, "माझा हात नको."

दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टरांकडे नेऊन रक्त तपासायला दिलं, रिपोर्ट येईपर्यंत घर अंधारातच राहिलं. आई जेवायला नुसती नावाला बसायची. मुलीनं "बोटं दुखतायत" म्हटलं आणि फोन चाळून दुखताहेत हे कळेपर्यंत मी अर्धी मेले होते. आत्या घरात आल्यासारखी वाटायची, कुठल्याही खोलीत दिवा लावायला माझा हात धजत नसे.

गंगापूर रोडच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि हसले. तसलं काही नाही, उन्हाची साधी ॲलर्जी, पुष्कळांना होते. क्रीम लावा, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. मी पार्किंगमध्ये गाडीला टेकून हमसून हमसून रडले. मुलगी म्हणाली, "आई, लोक बघतायत गं." बघू देत!

घरी आल्यावर आईला सांगितलं. तिनं देवापुढे साखर ठेवली आणि शांतपणे माझ्यासमोर येऊन बसली.

"त्यांना कशावरून कळलं?"

"रक्तावरून."

"एवढंच? रक्त काढलं की कळतं? मग वन्संचंही कळलं असतं?"

"नाही गं. तेव्हा असल्या तपासण्या नव्हत्याच."

होत्या. नाशिकात नसतील, पण मुंबईत होत्या. मी मागेच शोधून पाहिलं होतं.

आई माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग आतल्या खोलीकडे मान वळवून म्हणाली, "पोरीची शपथ?"

मी शपथ घेतली.