सावंतकाकूंचं वाक्य

सावंतकाकूंनी आमच्या घराची बेल कधी वाजवली नाही. सकाळी दार ढकलून थेट आत यायच्या. हातात खोबरेल तेलाची बाटली, दातांत काळे रबर. मालाडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये आमच्या भिंतीला लागून त्यांचं घर. आई तोवर अंधेरीच्या ऑफिसला निघालेली असायची. काकू मला गुडघ्यांत दाबून बसवायच्या आणि अशा करकचून वेण्या घालायच्या की माझ्या भुवया वर चढायच्या. मी ओरडले की ठरलेलं वाक्य : "डोक्यात उवा नको, अक्कल व्हयी गो चेडवा!"

त्या मूळच्या कणकवलीकडच्या. रागावल्या की अस्सल मालवणी, प्रेमात आल्या की त्याहून अस्सल. मला गोवर आला तेव्हा आठवडाभर उशाशी बसून पेज भरवली, तीही आईला फोन करायचा दम देत, "गीळ मुकाट्यान, नायतर तुझ्या आवशीक फोन लावतंय!"

मी सहावीत असताना एका सराफाने मुलांसाठी निबंधस्पर्धा ठेवली. विषय, 'माझी आई'. पहिल्या येणाऱ्याच्या आईला सोन्याच्या कुड्या. आईसाठी मला त्या हव्याच होत्या. पण लिहायला बसले आणि वाट लागली. आई म्हटलं की डोळ्यांसमोर तिची दारातून घाईने निघालेली पाठच यायची. मग मी सरळ काकूंना उचललं आणि आईच्या नावावर घातलं. वेण्या, पेज, उवा, सगळं.

पहिला नंबर आला! आमच्याबरोबर काकूही हौसेने नवी साडी नेसून आल्या. माझा निबंध माईकवरून वाचला गेला. मग निवेदिकाबाई आईला म्हणाल्या, "ते उवांचं वाक्य तुमच्या तोंडून ऐकू दे ना!"

आई नाशिकची. "डोक्यात उवा नकोत, अक्कल हवी," ती चाचरत म्हणाली. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून काकू कडाडल्या, "काय ओ वहिनी, इतकी वर्सां माझ्या शेजाराक रवतास, मी शिकवलंय तसा म्हणा मगे! लाजतास कित्याक?"

सगळे हसले. आई काकूंकडे बघत राहिली. मग तिने ते वाक्य हेलासकट म्हणून दाखवलं. टाळ्या पडल्या, आणि मी वाचले. परतताना रिक्षात मी काकूंच्या शेजारी बसायचंही टाळलं. उद्या सांगू, उद्या सांगू म्हणत राहिले. पुढे बिल्डिंग पाडली, काकू बोरिवलीला मुलाकडे गेल्या, तरी माझा उद्या काही उजाडला नाही. शरम वाटते आता लिहितानाही.

गेल्या वर्षी त्या आजारी असल्याचं कळलं. गेले, आणि एका दमात बोलून टाकलं, "काकू, तो निबंध तुमच्यावरचा होता. मी चोरी केली."

"माका म्हायत नाय काय ता? आयकतानाच वळाखलंय. बरा लिवलंस."

मी रडायला लागले. त्यांनी मला जवळ घेतलं नाही.

"माझा सोड. माका काय कमी झाला? पन ता बक्षीस तुझ्या आवशीन कधी कानात घातल्यान? एक दिस तरी?"

मी आठवून पाहिलं. सणवार, लग्नकार्यं, अगदी माझं स्वतःचं लग्न. एकदाही नाही. आणि ते माझ्या कधी लक्षातही आलं नव्हतं.

महिन्याभरात काकू गेल्या. त्यांच्याशी निदान बोलून तरी झालं. आई आत्ता बाहेरच्या खोलीत पेपर वाचते आहे, आणि तिच्याशी कुठून सुरुवात करावी ते मला कळत नाही.