कोरा सरडा

चौथा अंक कुरिअरनं आला तेव्हा माझ्या मांडीवर नवरदेवाचा हार होता, अर्धा झालेला. अमरावतीत अंबादेवीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं फुलांचं दुकान आहे. लग्नाची तिथी होती आणि वराकडचा एक माणूस समोर घड्याळ बघत उभा होता. मी सुई तशीच दोऱ्याला लटकत सोडली आणि पाकीट दातांनी फाडलं.

"काय करून राहिली वं?" नवरा ओरडला. "वरात निघून जाईन ना त्यायची!"

"दोन मिनिटं थांबा ना जी. सरडा पाहू द्या."

वराकडचा माणूस टुणकन मागे सरकला. त्याला वाटलं, शेवंतीच्या टोपलीत सरडा निघाला.

सरडा पुस्तकातला होता. मी एक्केचाळीस वर्षांची बाई आहे, घरात कॉलेजात जाणारी पोरगी आहे, आणि मला लहान मुलांच्या एका कार्टूनचं वेड आहे. हे मी आता कोणालाही तोंडावर सांगते. लहानपणी भातकुली गावात आमच्या मळ्याशेजारच्या घरी टीव्ही होता. रविवारी फुलं तोडून झाली की आम्ही सगळी पोरं तिथे जमिनीवर बसायचो. कार्टून होतं जंगलातल्या एका शिंपिणीचं. शिंपीण म्हणजे सायाळ, काटे असलेली. ती सुईसाठी स्वतःच्या पाठीतला काटा उपटायची, आणि दर वेळी तिच्या तोंडून बारीकसं "अय्" निघायचं. टेबलावर तिचा सोबती बसलेला असायचा, एक सरडा. गिऱ्हाईक आलं की तो कापडाचे रंग अंगावर घेऊन दाखवायचा. बोलायचा मात्र कधीच नाही. त्याला राग आला, लाज वाटली, भूक लागली, सगळं रंगावरून कळायचं. मी स्वतः सुईनं फुलं ओवत मोठी झाले, त्यामुळे ती सायाळ मला परकी कधी वाटलीच नाही.

गेल्या वर्षी त्या कार्टूनवर मराठीत चित्रकथा निघायला लागल्या. ही बातमी कळली त्या दिवशी मी निशिगंधाचा गठ्ठा उलटा बादलीत ठेवला, देठ वर आणि कळ्या पाण्यात.

पण पहिला अंक वाचून माझं डोकंच फिरलं. सरडा बोलत होता! तोंडाजवळ फुगा काढून आत लिहिलं होतं, "मला फार भीती वाटते." अरे, भीती वाटते तर पिवळा पड ना! दुसऱ्या अंकात त्याचं बोलणं बंद केलं, पण खाली चौकटीत लिहायला लागले, "सरडा दुःखी झाला." म्हणजे मुलांना डोळे नाहीत असंच धरलेलं. तिसऱ्यात तर सायाळीनं शिलाई मशीन विकत घेतली. मग पाठीवरचे काटे काय शोभेला आहेत? हे सगळं मी मोबाइलवरच्या गटात लिहिलं. आमचा गट आहे, या कार्टूनच्या मोठ्या माणसांचा. चाळीसेक जण असतील. त्यात अकोल्याचे एक जनावरांचे डॉक्टर होते, पन्नाशीचे. माझ्या प्रत्येक मताच्या खाली त्यांचं उलटं मत असायचंच. मशीन त्यांना आवडली होती. "बाईच्या पाठीले आराम भेटला," असं त्यांनी लिहिलं.

आणि आता चौथा अंक. चित्रकार बदलली होती आणि अंक चक्क काळापांढरा होता. रंग बदलणारा सरडा, आणि रंगच नाहीत!

मी चिडायच्या तयारीनं पान उलटलं, आणि चिडायचंच विसरले. रंगांच्या जागी तिनं नक्षी काढली होती. सरडा खूश असला की अंगावर ठिपके, रागावला की जाड तिरपे पट्टे, लाजला की चौकडा. दोन पानांत मला त्याची भाषा यायला लागली. एकही फुगा नाही. आणि सायाळ काटा उपटते तिथे ते बारीकसं "अय्" परत आलं होतं. मी दुकानातच मोठ्यानं हसले.

गोष्ट साधी होती. एक म्हातारा वानर दर वर्षी कोट सैल करून घ्यायला येतो. या वर्षी तो घट्ट करून मागतो, कारण तो वाळत चाललाय. सायाळ माप घेते. सरडा बघतोय. सहा चौकटी आहेत. प्रत्येक चौकटीत त्याच्या अंगावरच्या रेघा विरळ होत जातात, आणि सहाव्या चौकटीत तो नुसती बाह्यरेषा उरतो. कोरा. आत काहीच नाही.

त्या वानरासाठी सरड्याकडे रंगच नव्हता. वराकडच्या माणसाला मी म्हटलं, "भाऊ, आता देते." हार पाच मिनिटं उशिरा दिला, पण असा भरगच्च दिला की तो घड्याळ बघायचंच विसरला.

संध्याकाळी गटात भडका उडाला. सगळ्यांना अंक भिकार वाटला होता. डॉक्टरांनी लिहिलं, "मी जनावराचा डॉक्टर आहो. सरड्याच्या अंगावर चौकडा येत नाई. आन् ते शेवटची चौकट तर भरायचीच राहून गेली. चित्रकाराले झोप लागली असन."

मी लिहिलं, "राहून गेली नाही. मुद्दाम सोडली."

"कावून सोडीन कोनी?"

आठ दिवस आमचं हेच चाललं. मग कळलं की अकोल्याच्या पुस्तक प्रदर्शनात ती चित्रकार येणार आहे. मी गटात लिहिलं, "तिलाच विचारू." डॉक्टरांचं उत्तर लगेच आलं, "या."

नवऱ्याला म्हटलं, उद्याचं दुकान तुम्ही बघा. तो म्हणाला, "सरड्यासाठी अकोल्याले?" मी हो म्हटलं. त्यानं डब्यात चार पोळ्या जास्त घातल्या, डॉक्टरसाठी. मी सकाळच्या एसटीत बसले. मूर्तिजापूर येईपर्यंत अंक तीनदा वाचला आणि विचारायचे प्रश्न मनात पाठ केले. शेजारच्या बाईनं शेवटी विचारलंच, "परीक्षा हाये काय?"

प्रदर्शनाच्या मांडवाशी डॉक्टर उभे होते. उंच, टक्कल पडलेले, आणि काखेत चारही अंक, प्लॅस्टिकच्या पिशवीत व्यवस्थित घातलेले. मला ते बघूनच बरं वाटलं.

"ताई, तुमी लिहिता त्यापेक्षा लहान दिसता," ते म्हणाले.

"तुम्ही लिहिता त्यापेक्षा बरे दिसता."

आत चित्रकार एका टेबलामागे एकटीच बसली होती. पंचविशीची, पुण्याची पोरगी. समोर चौथ्या अंकाचा ढीग होता, आणि कोणी हात लावत नव्हतं. आम्ही दोन मोठी माणसं अंक घेऊन तावातावानं येताना पाहून ती खुर्चीतच आक्रसली.

"तक्रार असेल तर प्रकाशकांना..." ती बोलायला लागली.

"तक्रार नाई जी, फैसला पाहिजे," डॉक्टर म्हणाले. त्यांनी अंक उघडून सहाव्या चौकटीवर बोट ठेवलं. "हे भरायचं राहिलं का सोडलं? खरं सांगा."

ती हळू आवाजात म्हणाली, "राहिलं नव्हतं. मी फिकट ठिपके काढले होते, अगदी बारीक. छपाईत उडाले. अंक हातात आला तेव्हा मी रडले."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी सांगू शकत नाही. माझे कान तापले. आठ दिवस मी ज्या चौकटीसाठी भांडले, ती छापखान्याची चूक होती.

पण मला गप्प बसवेना. मी म्हटलं, "मग बरं झालं उडाले."

"काय?"

"ठिपके म्हणजे काहीतरी झालं. मागच्या पानांवर ठिपक्यांचा अर्थ तुम्हीच आनंद असा केलाय. इथे त्याला काहीच होत नाही, म्हणून तर..." आणि मी तिला सगळं सांगितलं. रेघा कशा विरळ होत जातात, मी दोऱ्यात सुई सोडून कशी बसले, "अय्" वाचून कशी हसले. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, एकेक चौकट. माझा आवाज चढत गेला, शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले. मला थांबताच येईना. पोरगी आधी माझ्याकडे बघत होती, मग पुस्तकाकडे बघायला लागली, जणू ते दुसऱ्याच कोणी काढलंय.

"चारही अंकांचं एकत्र पुस्तक निघतंय," ती म्हणाली. "त्यात ती चौकट दुरुस्त करायची आहे. ठिपके पुन्हा घालू का नको?"

मी डॉक्टरांकडे पाहिलं. ठिपके घाला असंच हे म्हणणार, याची मला खात्री होती. ते चष्मा काढून तो सदऱ्याला पुसत राहिले.

"म्हातारा बैल असते," ते म्हणाले. "मी तपासतो. मालक बाजूले उभा राह्यते. मी काई सांगाच्या आधीच त्याले समजते. तवा त्याच्या तोंडावर काई नसते. रडू नाई, राग नाई. काईच नाई." त्यांनी चष्मा परत लावला. "राहू द्या कोरीच. मले हे कालच पटलं होतं, पण या बाईले कसं सांगू?"

"काल?" मी म्हटलं. "मग आज काहून भांडून राहिले होते?"

"तुमी अमरावतीहून येनार होत्या ना! मजा गेली असती."

पोरगी एवढी हसली की तिच्या हातातला पेन खाली पडला. नवऱ्यानं दिलेल्या चार पोळ्या आम्ही तिघांनी टेबलामागेच खाल्ल्या, वांग्याच्या भाजीबरोबर. भाजीचा तिखटपणा पुण्याच्या पोरीला झेपला नाही. डोळ्यांतून पाणी काढत ती म्हणाली की प्रकाशक पाचवा अंक जुन्या चित्रकाराकडे द्यायचं म्हणतात. तेव्हा डॉक्टरांनी तिथल्या तिथे प्रकाशकाचा पत्ता मागून घेतला, आणि आम्ही वहीचं पान फाडून पत्र लिहिलं. बहुतेक वाक्यं माझी आहेत. "सही, पशुवैद्यक" एवढं त्यांचं.

पत्रामुळे झालं की कसं ते मला माहीत नाही, पण पाचवा अंक तिनंच काढला. एकत्र पुस्तकही आलं, सहावी चौकट कोरी ठेवून. गटातले निम्मे लोक अजून म्हणतात की काळ्यापांढऱ्यात गंमत नाही. म्हणू देत. मी त्यांना पान क्रमांकासकट उत्तर देते.

पाचव्यात सायाळीकडे एक मुंगूस शिकाऊ म्हणून येतं, आणि फार बोलतं. डॉक्टरांना ते मुंगूस भयंकर आवडलंय. माझ्या मते त्याला तिसऱ्याच पानावर साप चावायला हवा होता. काल दुपारी मी हे गटात लिहिलं. डॉक्टरांचं उत्तर आलं आहे, बरंच लांबलचक, मुंगसाला सापाचं विष कसं बाधत नाही इथून सुरू होणारं. हातातले मोगऱ्याचे दोन गजरे संपवते आणि वाचायला बसते.