पहिल्या एसटीचा भाकरतुकडा

माहेरी सणसरला जाताना रस्त्याचं रुंदीकरण चालू होतं. गरम डांबराचा वास गाडीत शिरला आणि मी एकदम परकर-पोलक्यात जाऊन पोचले.

आमच्या वस्तीपर्यंत नुकताच डांबरी रस्ता झाला होता आणि त्यावरून पहिली एसटी आली होती. नवी सून दारात आली की ओवाळतात, तशी आई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन थेट एसटीसमोर उभी राहिली.

तात्या ओशाळले. "अगं, गाडी हाय ती!"

"व्हय, पण उद्या माझी लेक हिच्यातनंच माहेरी येणार हाय."

ड्रायव्हरनं हसत इंजिन बंद केलं. आईनं भाकरतुकडा ओवाळून उसात भिरकावला आणि चाकांवर पाणी घातलं. तापलेल्या डांबरावर ते बघता बघता सुकलं.

माझ्या लग्नानंतर मी एसटीत असले की ड्रायव्हर वळणावर हॉर्न द्यायचा आणि आई दारात येऊन उभी राहायची.

आता बारामती सोडली म्हणेपर्यंत वस्ती येते. आई-तात्या गेल्यापासून घराला कुलूप आहे. तरी वळणावर माझा हात हॉर्नवर गेलाच. खडी पसरणारी एक बाई पदर सावरत बाजूला झाली. दुसरं कुणी बाहेर आलं नाही.