चार बोटांची दुमड

वाढीवकाका मूळचे शाळेच्या गणवेशांचे शिंपी. प्रत्येक विजारीला, प्रत्येक फ्रॉकला खाली चार बोटं कापड आत दुमडून ठेवायचे. पोर वाढलं की दुमड उसवायची. टोपणनाव त्यावरूनच पडलेलं.

लढाई पेटली आणि दुकानात सैनिकांचे ओव्हरकोट शिवायला आले. कापडाचा मात्र ठणठणाट. मग घरोघरची जाड पांघरुणं उसनी मागितली; लढाई संपली की ज्याचं त्याला परत.

काकांच्या विधवा ताईनं नवऱ्याचं निळ्या किनारीचं कांबळं आणून दिलं.

"उसनं देतेय, दान नाही. त्यांच्या अंगावरचं एवढंच उरलंय माझ्याकडे."

"आणून देईन, ताई." काकांनी त्या कांबळ्याचा कोट बेतला आणि कॉलरच्या आत दुकानाच्या पत्त्याची पट्टी शिवली.

कोटांच्या कामावर देखरेखीला नेमलेल्या मुकादमानं कोट उलटून पाहिले आणि कपाळावर हात मारला. "काका, या दुमडी कशाला? शिपाई काय वरच्या इयत्तेत जाणार आहेत?"

काका ओशाळले. "हाताची सवय हो. पण मिसरूडही न फुटलेली पोरं आहेत. वाढतील की."

"वाढू देत! कापा त्या. एखाद्याच्या बाह्या निघतील."

सगळ्या दुमडी कापल्या गेल्या. ताईच्या कांबळ्यापाशी मात्र कात्री अडली. "हे नको, साहेब. जेवढं घेतलंय तेवढंच परत करायचंय." मुकादम पुढच्या मशीनकडे वळला.

लढाई संपली. इतरांचे कोट येत गेले. ताई दुकानात डोकवायची, "आला का रे?" काका उगाच सुईत दोरा ओवत बसायचे.

एका सकाळी ताडमाड पोरगा दारात उभा राहिला. अंगात तोच कोट, विटलेला. दुमड सोडलेली आणि खाली किनार मात्र कोरी करकरीत निळी.

"पट्टीवरचा पत्ता शोधत आलो. गुडघे उघडे पडायला लागले तेव्हा आत कापड सापडलं. शिवणाऱ्याला दुवा दिला बघा."

ताईला बोलावणं गेलं. ती आली, खाली वाकून किनारीवरून हात फिरवत राहिली. पोरानं कोट उतरवला. आत विरलेला सदरा. दात वाजू नयेत म्हणून त्यानं जबडा आवळून धरला होता.

काकांनी शिवण उसवायला कात्री उचलली. ताईनं त्यांचा हात धरला, कोट पुन्हा पोराच्या खांद्यांवर टाकला आणि स्वतः बटणं लावली.

"राहू दे रे. हा अजून वाढतोय."