हिरवा डहाळा घेऊन येणारे तात्या

आमच्या मुठा गावात कुणाचाही राब पेटला की बोलावणं नसताना तात्या हजर. हातात आग झोडपायला पाण्यात भिजवलेला हिरवा डहाळा आणि तोंडात शिव्या. पावसाआधी भाताचं रोप करायच्या जागेवर आम्ही शेण, फांद्या, पालापाचोळा पसरून जाळतो, म्हणजे गवताचं बी मरतं, तोच राब. "वारं कुटनं सुटलंय बघितलंस का? का तशीच काडी वडली?" हे मला नवी नवरी असताना ऐकावं लागलं. अस्सा राग आला! शेत आमचं, काडीपेटी माझी, हे कोण टिकोजीराव?

सासूबाईंनी मग कारण सांगितलं. आमच्या शेतामागच्या उतारावर एक झरा आहे. भात निघाल्यावर आमचा वाल त्याच पाण्यावर येतो. एका वर्षी तात्या आपला राब पेटवून चहाला घरी गेले, वारा फिरला आणि आग उतारावर चढली. ऐन, हिरडा, कारवी, गवतातली पाखरांची घरटी, सगळं गेलं. पुढच्या पावसात उताराची माती वाहून गेली आणि झरा दिवाळीतच आटला. वाल उभा वाळला. लोक म्हणाले, वाऱ्याचा दोष. तात्या देवळापुढे सगळ्यांदेखत म्हणाले, "वाऱ्यानं न्हाई, म्या जाळलाय."

तेव्हापासून त्यांनी स्वतःचा राब जाळणं सोडलं. उतारावर गुरं जाऊ दिली नाहीत, स्वतःचीसुद्धा. त्यांच्या रोपात गवत माजायचं, लोक टिंगल करायचे. तात्या वाकून उपटत राहायचे. "गवत उपटाया हात हायेत. जळल्यालं झाड परत उभं करता येतंय व्हय?" हळूहळू उतार हिरवा झाला, झरा शिमग्यापर्यंत वाहू लागला. माझ्या लेकी त्याच वालाच्या उसळीवर वाढल्या. तात्यांचे हे उपकार मी कुठे फेडू?

गेल्या थंडीत तात्या गेले. यंदा राब रचला, काडीपेटी काढली आणि सवयीनं बांधाकडे पाहिलं. कुणी ओरडलं नाही. मला रडूच फुटलं. काडीपेटी कमरेला खोचली, सगळा पाला ओढून खताच्या खड्ड्यात टाकला. यंदा गवत उपटू म्हटलं, मोडू दे कंबर.

तेवढ्यात खालच्या वावरातून धूर निघाला. मी एक डहाळा मोडला, बादलीत बुचकळला नि तरातरा निघाले.

मला पाहून तिथली सून हसत सुटली, "आल्या बघा, तात्या आल्या!"

"व्हय, आलेय," मी म्हटलं. "वारं बघितलंस का?"