जिंतूरच्या माळवदावर दुर्बीण

पुण्यात माझ्या छोट्या दुर्बिणीतून तीन महिन्यांत दिसलं काय, तर समोरच्या सोसायटीची पाण्याची टाकी. चांगला काळोख हवा, असं जाणकार सांगतात. म्हणून ऑफिसातल्या मित्राबरोबर जिंतूरजवळच्या त्याच्या गावी निघालो. एसटीत दुर्बीण मांडीवर. कंडक्टरने विचारलं, "मोटारीचा पाईप हाय का?" मी ऐटीत म्हणालो, "खगोलशास्त्र." त्याने सामानाचं तिकीट फाडलं.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापूस फुटला होता. मित्राची आई, म्हणजे मावशी, दिवसभर वेचणी करून नुकत्याच घरी आल्या होत्या. त्यांची संकष्टी. सकाळपासून पोटात फक्त चहा, आणि चंद्र बघितल्याशिवाय घास नाही.

"मावशी, आजचा चंद्र माझ्या दुर्बिणीतून बघायचा. आधी डोळे अंधाराला सरावले पाहिजेत. अर्धा तास मिटून बसा."

हे मी वाचलं होतं. चंद्राला त्याची काडीची गरज नसते, हे पुढच्या पानावर होतं.

पाहुण्याचा शब्द कसा मोडायचा, म्हणून मावशी माळवदावर (मातीच्या सपाट छतावर) डोळे मिटून बसल्या. चंद्र उगवला. गल्लीने हात जोडले आणि गल्ली जेवायला गेली. मी मात्र सगळ्यांत मोठं दाखवणारं भिंग लावलेलं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! त्या भिंगात आभाळाचा एवढासा तुकडा मावतो. चंद्र त्यात येईना, आला तर टिकेना.

"अजून काय शोधायलाव, दादा? गल्लीत ताटं वाजायलीत की."

"थांबा, सापडतोय."

सापडला, आणि ढग आला. मावशींनी डोळे उघडले तर वर काळं.

मित्र म्हणाला, "आई, कॅलेंडरातली वेळ टळून गेली. जेव आता."

"आधीपासून ढगात असता तर कॅलेंडर चाललं असतं. उगवलेला चंद्र मीच डोळे मिटून घालवला. आता दिसंल तवाच."

आम्हाला मात्र त्यांनी वाढलं. मला फार लाज वाटली. पण पिठलं गरम होतं. तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि झोपलो.

सकाळी भीत भीत विचारलं.

"दिसला की, तुमी झोपल्यावर. जेवले, मग तुमच्या नळीतूनबी बघितला. ते बारीक भिंग काढलं, रुंद तोंडाचं लावलं. लगीच घावला. काठाला लय खड्डे हायत, चिखलात बैलं फिरल्यावानी."

"मला उठवायचं होतं, मावशी."

"म्हणलं, दमलंय लेकरू."

पुण्याला परतल्यावर शेजाऱ्यांना चंद्रावरचे खड्डे मी अगदी रंगवून सांगितले. ते बघितले कुणी, हे कोणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.